कात्री आणि डबिंग: स्पॅनिश सिनेमाची पार्श्वभूमी

स्पेनचा समाज पडद्यावर कसा बदलत गेला हे समजायचे तर पडद्यावरून काय कापले गेले ते आधी पाहावे लागते. १९३९ मध्ये यादवी युद्ध संपून हुकूमशहा फ्रँकोची राजवट आली आणि एप्रिल १९४१ मध्ये परदेशी चित्रपटांना स्पॅनिश डबिंग सक्तीचे झाले. सक्ती त्याच दशकात उठली, सवय मात्र राहिली. डबिंगमध्ये मूळ संवादच पुसला जातो, त्यामुळे फेरफार ओळखायला प्रेक्षकाच्या हाती काही उरत नाही. हॉलिवूडच्या ‘मोगॅम्बो’मधली (१९५३) विवाहिता परपुरुषाकडे ओढली जाते. व्यभिचार नको म्हणून स्पॅनिश आवाजात नवरा-बायकोला भाऊ-बहीण करून टाकले. दृश्ये तीच राहिली, त्यामुळे भावाबहिणीतच भलते काही असल्याचे दिसू लागले! व्यभिचार स्पेनमध्ये १९७८ पर्यंत कायद्याने गुन्हा होता.

पैशाची गणितेही बिघडलेली होती. परदेशी चित्रपट आणण्याचे परवाने स्थानिक निर्मात्यांना मिळत आणि किती, ते सरकारी समितीने चित्रपटाला दिलेल्या श्रेणीवर ठरे. मग प्रेक्षकापेक्षा समितीला खूश करणे फायद्याचे. १९५५ मध्ये सालामांकातल्या परिषदेत दिग्दर्शक हुआन अंतोनियो बार्देम यांनी या सिनेमाला राजकीयदृष्ट्या निष्प्रभ आणि सामाजिकदृष्ट्या खोटा ठरवले, ते योग्यच होते.

दिग्दर्शक लुईस बुन्युएल यांच्या ‘विरिदियाना’च्या (१९६१) मूळ शेवटात नायिका चुलतभावाच्या खोलीत जाते. सेन्सॉरने हरकत घेतली, म्हणून तो, ती आणि मोलकरीण पत्ते खेळायला बसतात असे दाखवले. तिघांच्या संबंधांचा इशारा देणारा हा शेवट पहिल्यापेक्षा कितीतरी धीट आहे. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला, व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने झोडपले आणि स्पेनमध्ये चित्रपट १९७७ पर्यंत बंद राहिला.

फ्रँको १९७५ मध्ये वारला, सेन्सॉर नोव्हेंबर १९७७ मध्ये गेला. पण कायदा बदलला तरी भीती लगेच जात नाही. दिग्दर्शिका पिलार मिरो यांच्या ‘एल क्रिमेन दे क्वेन्का’त (१९७९) सिव्हिल गार्ड, म्हणजे स्पेनचे निमलष्करी पोलीस, दोन निरपराध माणसांचा छळ करून खुनाची कबुली घेतात. ज्याचा ‘खून’ झाला तो पुढे जिवंत परततो. घटना खरी होती, तरीही चित्रपट जप्त झाला आणि मिरोंवर लष्करी न्यायालयात कारवाई सुरू झाली. चित्रपट प्रदर्शित झाला ऑगस्ट १९८१ मध्ये. घटस्फोटाचा कायदाही त्याच उन्हाळ्यातला. पुढच्याच वर्षी समाजवादी सरकारने मिरोंना चित्रपट खात्याच्या प्रमुखपदी नेमले आणि १९८३ च्या त्यांच्या आदेशाने निर्मितीखर्चाच्या निम्म्यापर्यंत रक्कम सरकारकडून आगाऊ मिळू लागली.