लेआउटमधली ‘ओपन स्पेस’ नेमकी कोणाची? नाशिकमधल्या अतिक्रमणाच्या तक्रारींची पार्श्वभूमी

गोविंदनगर असो, पाथर्डी फाटा असो की मेरी-म्हसरूळ, कॉलनीतल्या मोकळ्या भूखंडाला एका सकाळी तारेचे कुंपण पडते, आत पत्र्याची शेड उभी राहते आणि जाब विचारायला गेलेल्या रहिवाशालाच उलट विचारले जाते, “तुमचा काय संबंध?” हाच प्रश्न विभागीय कार्यालयात आणि पोलिस ठाण्यातही थोड्या सभ्य शब्दांत विचारला जातो. यात दोन वेगवेगळे हक्क एकत्र कालवले जातात. बेकायदा काही घडते आहे हे यंत्रणेला कळवायला कोणाच्याही मालकीचा कागद लागत नाही, कधीच लागला नाही. जागा मोकळी करून घेण्याचा हक्क मात्र जागा कोणाच्या नावे आहे आणि कोणत्या हेतूने सोडली आहे यावर ठरतो. गेल्या चाळीसेक वर्षांतला सगळा गोंधळ या दुसऱ्या हक्काभोवतीचा आहे.

जुन्या नाशिकमध्ये, म्हणजे १८६४ मध्ये स्थापन झालेल्या नगरपालिकेच्या काळात, सामाईक जागा म्हणजे गावठाणातला चौक, पार, घाट आणि आसपासच्या खेड्यांची गायराने. तिथल्या अतिक्रमणाचा निवाडा महसुली पद्धतीने होत असे. सरकारी जमिनीसाठी आजही जमीन महसूल संहितेचे कलम ५० आहे. ही संहिता आणि प्रादेशिक नगररचना कायदा, दोन्ही १९६६ चे. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी महापालिका झाली, भोवतालची खेडी शहरात आली, द्राक्षांच्या बागा आणि ऊस मागे हटून एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट पडू लागले. खरी गोष्ट इथून सुरू होते.

शेतजमिनीचे रेखांकन, म्हणजे लेआउट, मंजूर करताना ठरावीक आकारापुढे दहा टक्के क्षेत्र मोकळे सोडावे लागते. सध्याच्या एकत्रित विकास नियमावलीत ही मर्यादा ०.४ हेक्टर, म्हणजे ४,००० चौरस मीटर आहे. एक हेक्टरचा लेआउट असेल तर १,००० चौरस मीटर ओपन स्पेस. ही जागा प्लॉटधारकांनीच अप्रत्यक्षपणे विकत घेतलेली असते, कारण मालक तिची किंमत विक्रीयोग्य प्लॉटांच्या दरात वसूल करतो. पण खरेदीखतात प्लॉट क्रमांक आणि चतुःसीमा एवढेच येते. ओपन स्पेसचा उल्लेख आलाच तर ‘सामाईक वापराच्या हक्कासह’ अशा एका ओळीत येतो. अनेक लेआउटांत रस्ते आणि खुली जागा नाममात्र किमतीत महापालिकेकडे वर्ग करण्याची अट घातली गेली. काही ठिकाणी सातबाऱ्यावर महापालिकेचे नाव लागले. काही ठिकाणी अट कागदावरच राहिली आणि आजही उताऱ्यावर मूळ शेतकरी किंवा त्याचे वारस आहेत. गुंठेवारीतल्या, म्हणजे मंजूर रेखांकनाशिवाय गुंठ्यांनी जमीन विकून उभ्या राहिलेल्या वसाहतींचा प्रश्न वेगळा आहे, तिथे मुळात सोडलेली जागाच नसते. सिडको या सरकारी महामंडळाच्या योजनांमध्ये जमीन मुळात भाडेपट्ट्याने दिलेली असल्याने तिथला वाद बहुधा घरापुढच्या वाढीव बांधकामाचा आणि गल्लीचा.

मग ही ओपन स्पेस ‘सार्वजनिक’ की ‘सामाईक’? ऐकायला शब्दांचा खेळ वाटतो, पण पुढचे प्रत्येक पाऊल यावर अडते. सार्वजनिक म्हटले तर कोणताही नागरिक आत येऊ शकतो आणि राखणदार महापालिका. सामाईक म्हटले तर ती त्या लेआउटच्या प्लॉटधारकांची आणि बाहेरच्याला अडवताही येईल. नगररचना विभागाच्या भाषेत त्यात आणखी तीन शब्द मिसळतात. विकास आराखड्यातले आरक्षण, मोठ्या लेआउटमध्ये सोडावी लागणारी ॲमेनिटी स्पेस (नागरी सुविधांसाठीची जागा) आणि इमारतीभोवतीचे सामासिक अंतर. बोलताना सगळ्यांना ‘ओपन स्पेस’च म्हणतात. आरक्षित भूखंड संपादन झालेला नसेल तर तो अजून खासगीच असतो, आणि तिथे ‘सार्वजनिक जागेवर अतिक्रमण’ अशी तक्रार गेली की ती पहिल्याच टेबलावर निकाली निघते.

न्यायालयांनी मधला मार्ग काढला. १९९१ मध्ये बंगळूरच्या एका वसाहतीतले उद्यान खासगी रुग्णालयाला दिल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवले आणि त्याविरुद्ध दाद मागायला त्या भागातले रहिवासी पात्र आहेत असे स्पष्ट केले. ‘तुमचा काय संबंध’चे हे सर्वांत ठोस उत्तर, आणि आश्चर्य म्हणजे तक्रार अर्जांत ते क्वचितच दिसते. काही वर्षांनी दिल्लीच्या एका लेआउटबाबत त्याच न्यायालयाने म्हटले, की मंजुरीच्या बदल्यात पालिकेला खुल्या जागेची मालकी फुकट घेता येणार नाही. मात्र जागा ज्या हेतूने सोडली त्यासाठीच वापरायची, मालकाने ती विकायची नाही आणि पालिकेनेही लोकांच्या वतीने केवळ सांभाळायची. म्हणजे नाव कोणाचेही असो, भूमिका विश्वस्ताची.

नाशिकमध्ये हा गुंता सर्वांत जास्त धार्मिक बांधकामांच्या निमित्ताने पुढे आला. २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ते, उद्याने आणि सार्वजनिक जागांवर नवे अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये असे बजावले. जुन्यांचा निर्णय राज्यांनी प्रकरणनिहाय घ्यायचा होता. राज्याने ५ मे २०११ च्या निर्णयाने नियमित करणे, हटवणे आणि स्थलांतर अशी वर्गवारी आखली. २०१७ च्या नोव्हेंबरात महापालिकेने मोहीम हाती घेतली तेव्हा विरोध करणाऱ्यांचा मुख्य मुद्दा श्रद्धेइतकाच तांत्रिक होता. ही मंदिरे लेआउटच्या ओपन स्पेसवर आहेत, ओपन स्पेस म्हणजे रस्ता नव्हे, ती प्लॉटधारकांची, त्यांचीच हरकत नाही, मग ‘सार्वजनिक जागा’ हा शब्द लागतोच कुठे? मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. पण ‘प्लॉटधारकांची हरकत नाही’ हे कोणी मोजले? साठ प्लॉटांच्या कॉलनीत दहा सह्यांचे पत्र म्हणजे संमती नव्हे, आणि गप्प बसलेल्या पन्नास घरांचा मैदानावरचा हक्क गप्प बसल्याने संपत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रित नियमावलीने हा प्रश्न बराचसा सामाईकच्या बाजूने झुकवला. खुल्या जागेच्या कमाल पंधरा टक्के इतके बांधकाम, तेही दुमजली आणि तळमजल्यावर दहा टक्क्यांच्या आत, व्यायामशाळा, वाचनालय, योगकेंद्र अशा वापरासाठी करता येते. प्रस्ताव मालकांकडून, त्यांच्या संस्थेकडून किंवा संस्थांच्या संघाकडून यावा लागतो, वापर त्या सभासदांसाठीच असावा लागतो आणि उरलेली जागा आकाशाला खुली व सर्व सभासदांना जाता येईल अशी ठेवावी लागते. १,००० चौरस मीटरच्या जागेवर तळमजला १०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल, तर उद्देश कितीही चांगला असो, तो नियमाबाहेर आहे. ही मोजणी टेपने होते, त्यासाठी वकील लागत नाही.

‘अतिक्रमण’ हा शब्दही तितकाच फसवा. मराठीत एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी मावतात. रस्त्यावर किंवा पदपथावर मांडलेले सामान, टपरी, हातगाडी असेल तर महापालिका अधिनियमाची कलमे २२९ ते २३१ लागतात. २३१ खाली आयुक्तांना नोटीस न देता ते उचलता येते आणि काम अतिक्रमण निर्मूलन पथकाचे. पक्के किंवा शेडचे बांधकाम असेल तर कलम २६० किंवा नगररचना कायद्याचे ५२ ते ५५, आणि काम नगररचना विभाग व विभागीय अधिकाऱ्यांचे. कोणी नुसता शिरून जागा अडवत असेल, रहिवाशांना दमदाटी करत असेल, तर तो पोलिसांकडचा बेकायदा प्रवेश. अर्जावर फक्त ‘अतिक्रमण हटवणेबाबत’ लिहिले की तो पथकाकडे जातो. पथक म्हणते बांधकाम आहे, नगररचनाकडे द्या. नगररचना म्हणते ताब्याचा वाद आहे, दिवाणी न्यायालयात जा. तोवर स्लॅब पडलेला असतो. विषयाच्या ओळीतच ‘अनधिकृत बांधकाम’ की ‘रस्त्यावरील अडथळा’ हे आणि कलम लिहिले तर अर्ज निदान योग्य दारात पोहोचतो.

पोलिसांच्या बाबतीत बदल अलीकडचा आहे. १८६० च्या दंडसंहितेचे कलम ४४७ तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड सांगत होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३२९(३) आले. कैद तेवढीच, दंड ५,००० रुपयांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे माहिती कोणीही देऊ शकतो आणि नोंद नाकारली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली वरिष्ठांकडे व पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. पण व्याख्येतल्या दोन अटी बदललेल्या नाहीत. जागा कोणाच्या तरी ताब्यात हवी आणि शिरणाऱ्याचा हेतू गुन्हा करण्याचा किंवा ताबेदाराला धमकावण्याचा, अपमानाचा, त्रास देण्याचा हवा. सोसायटीच्या आवारात फाटक, वॉचमन, नोंदवही असते, ताबा उघड दिसतो, म्हणून तिथली तक्रार टिकते. कुंपण नसलेल्या ओपन स्पेसवर कोणी वाळूचा ढीग टाकला तर हेतू दाखवता येत नाही आणि ठाण्यातून ‘दिवाणी बाब’ असे उत्तर मिळते. चिडून रहिवाशांनी स्वतःच कुंपण उपटले तर उलट त्यांच्यावरच नुकसानीचा गुन्हा लागू शकतो. हे वारंवार होते.

रस्ता किंवा मैदान अडल्याने सगळ्यांनाच उपद्रव होत असेल तर दुसरी वाट आहे. १९७६ च्या दुरुस्तीनंतर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली दोन किंवा अधिक व्यक्ती न्यायालयाच्या परवानगीने सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध दावा करू शकतात, स्वतःचे वेगळे नुकसान दाखवावे लागत नाही.

‘सार्वजनिक की सामाईक’ला १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने पुन्हा धार आली. पाडकामापूर्वी किमान पंधरा दिवसांची नोटीस, सुनावणी, कारणांसह आदेश आणि आदेशानंतरही पंधरा दिवस, अशी चौकट सर्वोच्च न्यायालयाने घालून दिली. रस्ता, पदपथ, रेल्वेलगतची जागा, नदी व जलाशय अशा सार्वजनिक ठिकाणच्या बांधकामांना ती लागू नाही. ओपन स्पेस या यादीत नावाने नाही. म्हणून आता अधिकारी सुरक्षित बाजू घेऊन नोटिशीचा मार्ग धरतात. रहिवाशांना ही दिरंगाई वाटते. पण नोटीस न देता पाडलेली शेड स्थगिती मिळवून पुन्हा उभी राहते, त्यापेक्षा तो महिना परवडतो.

कागदांचा क्रम ठरलेला आहे. आधी अंतिम मंजूर रेखांकनाची प्रत, तात्पुरत्या रेखांकनाची नव्हे. दोन्हींत ओपन स्पेसची जागा आणि प्लॉट क्रमांक बदललेले असू शकतात, आणि जुन्या रहिवाशांच्या कपाटात बहुधा तात्पुरताच नकाशा असतो. प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागायची, उत्तराची मुदत तीस दिवस. मग त्या सर्व्हे नंबर व हिश्शाचा चालू सातबारा किंवा मिळकत पत्रिका. अर्जात सर्व्हे नंबर, लेआउट मंजुरीचा क्रमांक व तारीख, अडवलेले अंदाजे क्षेत्र आणि बांधकामाचा टप्पा. फोटोत विजेचा खांब किंवा शेजारच्या घराची पाटी यावी, नुसती शेड कुठलीही असू शकते. आवक क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. महापालिकेच्या ॲपवरच्या तक्रारीचाही टोकन क्रमांक टिपून ठेवायचा, कारण ‘निराकरण केले’ अशा शेऱ्याने ती परस्पर बंद झाल्यास पुन्हा उघडायला तो लागतो. दाद न मिळाल्यास राज्य सरकारचे ‘आपले सरकार’ हे तक्रार संकेतस्थळ आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन. सरकारी मोजणी मात्र धारकच मागू शकतो. उताऱ्यावर महापालिका असेल तर मोजणीसाठी तिलाच पत्र द्यावे लागते.

उताऱ्यावर मूळ मालकाचे नाव राहिलेले असेल तर धोका कुंपणाच्या आधीच सुरू झालेला असतो. वारसनोंद होते, मग ‘अमुक गटापैकी इतके आर’ असे खरेदीखत होते. त्यात ओपन स्पेस हा शब्द नसतो आणि दुय्यम निबंधक लेआउट पडताळत बसत नाही. अडवायची जागा फेरफाराची, म्हणजे उताऱ्यावरचे नाव बदलण्याच्या नोंदीची आहे. नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि ती ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर गावाचे नाव टाकून पाहता येते. हरकत लेखी द्यायची, सोबत अंतिम रेखांकन जोडायचे आणि तलाठ्याकडून पोच घ्यायची. हरकत आली की नोंद वादग्रस्त ठरते आणि सुनावणीशिवाय प्रमाणित होत नाही.