गळती थेंबांची, नुकसान दाबाचं

टर्बो इंजिनाच्या कूलंट पाइपला, म्हणजे थंडावा देणारा द्रव खेळवणाऱ्या नळीला, पडलेलं बारीक छिद्र बराच काळ लपून राहतं. गाडीखाली डबकं साचत नाही, कारण बाहेर आलेला थेंब तापलेल्या धातूवर पडताच वाळून जातो. कधीतरी टाकीतली पातळी उतरलेली दिसते, वरून थोडं पाणी ओतलं जातं आणि दुरुस्ती पुढे ढकलली जाते. गेलेलं भरून काढलं, मग अडचण कसली, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण त्या छिद्रातून कूलंटसोबत दाबही निसटत असतो, आणि टर्बोला खरी गरज त्या दाबाची असते.

टर्बोचार्जरची मूळ कल्पना जुनी आहे. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूकी यांनी १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या वायूंनी एक चक्र, म्हणजे टर्बाइन, फिरवायचं आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला बसवलेल्या चक्रानं इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. पेट्रोल इंजिनात हे वायू ९५० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचू शकतात. शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे सहज घेतो, लहान टर्बो तर दोन लाखांच्याही पुढे जातात. एवढ्या वेगाचा शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरत असतो. शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकीच असते.

धोक्याची वेळ येते ती गाडी थांबल्यावर. इंजिन बंद होताच तेलाचा पंपही थांबतो, पण टर्बाइनचं बीडाचं घर तसंच धगधगत असतं. ती उष्णता शाफ्टमधून बेअरिंगकडे सरकते, त्यामुळे इंजिन बंद केल्यानंतरची काही मिनिटं बेअरिंगचं तापमान कमी होण्याऐवजी वाढत जातं. तिथे अडकलेलं तेल जळतं आणि त्याचा कडक काळा थर बसतो. हा थर फट बुजवतो, तेलाच्या वाटा अडवतो. सुरुवातीच्या टर्बो गाड्यांत फक्त तेलावर भिस्त होती, म्हणून लांबच्या पल्ल्यानंतर इंजिन थोडा वेळ तसंच चालू ठेवून मग बंद करायची सवय चालकांना लावली जायची. १९८० च्या दशकात बेअरिंगभोवती कूलंट खेळवणारे टर्बो मोटारींमध्ये रुळू लागले आणि हे दुखणं बरंच कमी झालं.

या कूलंटचं सगळ्यात सुंदर काम पंपाशिवाय चालतं. बंद इंजिनात टर्बोमधलं कूलंट तापून हलकं होतं, वर चढतं, आणि त्याची जागा घ्यायला खालून थंड कूलंट येतं. ना वीज, ना पट्टा, फक्त घनतेतला फरक. काही गाड्यांत मदतीला छोटा विजेचा पंप असतो. गाडी बंद केल्यावर बॉनेटखालून येणारी बारीक घरघर बऱ्याचदा त्याचीच असते. पण आपोआप चालणाऱ्या या प्रवाहाच्या अटी कडक आहेत. पाइप पूर्ण भरलेला हवा आणि वाटेत कुठेही हवेचा फुगा अडकलेला नको. टर्बोकडून टाकीकडे जाणाऱ्या पाइपचा चढ सलग असावा लागतो, मध्येच उंचवटा येऊन पुन्हा उतार लागला तर हवा नेमकी तिथे बसते. म्हणून या पाइपची वळणं निव्वळ जागेच्या सोयीसाठी नसतात. मिळेल तो होज मिळेल त्या वाटेनं फिरवून जोडला तर गळती थांबेल, पण गाडी बंद केल्यावरचा प्रवाहही थांबेल. अशी दुरुस्ती मला गळतीइतकीच घातक वाटते.

आता दाबाकडे वळू. टाकीचं झाकण साधारण एक ते दीड बार जास्तीचा दाब धरून ठेवतं; एक बार म्हणजे जवळपास हवेच्या दाबाइतका दाब. एक बार जास्तीच्या दाबाला साधं पाणी १२० अंशांना उकळतं. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल हे रसायन असलेलं कूलंट तर १३० अंशांच्या जवळ पोहोचेपर्यंत उकळत नाही. प्रेशर कुकरमागचं विज्ञान ते हेच. पाइपला छिद्र असेल तर दाब पुरेसा चढत नाही. तो अजिबातच चढला नाही, तर तेच कूलंट १०७ अंशांच्या आसपास उकळू लागतं. म्हणजे चमचाभर गळतीनं वीसेक अंशांची सुरक्षितता हिरावून घेतलेली असते. टर्बोच्या आतल्या भिंतीवर छोटे बुडबुडे उठून विरले तर ते उलट उष्णता भराभर वाहून नेतात. पण वाफेचा सलग पडदा तयार झाला की द्रव धातूला टेकतच नाही. तापलेल्या पृष्ठभागावर पाण्याचा थेंब असा अधांतरी राहतो, याचं वर्णन योहान लायडेनफ्रॉस्ट यांनी १७५६ मध्येच करून ठेवलं आहे. या सगळ्यात तापमानाच्या काट्यावर विसंबू नये. त्याचा सेन्सर द्रवात बुडालेला असेल तरच बरोबर सांगतो. भोवतीचं कूलंट निघून गेलं, तर इंजिन भाजून निघत असतानाही काटा खाली राहू शकतो.

छिद्र शोधायचं ते इंजिन पूर्ण थंड असतानाच. १२० अंशांच्या एक लिटर पाण्यावरचा दाब एकदम काढला, तर त्यातलं सुमारे ३७ ग्रॅम पाणी त्या क्षणी वाफ होतं, आणि त्या वाफेला साठेक लिटर जागा लागते. गरम इंजिनाचं झाकण उघडणाऱ्याच्या हातावर आणि तोंडावर उसळतं ते हेच. थंड इंजिनावर हातपंपाचा दाबमापक बसवावा, झाकणावर लिहिला असेल तेवढाच दाब द्यावा आणि काटा उतरतो का ते पाहावं. पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खार जमलेला दिसला तर गळतीची जागा जवळपासच आहे. अवघड जागी कूलंटमध्ये खास रंग मिसळून अतिनील दिवा मारतात. काही सांधे थंड असताना आकसून गळतात आणि गरम झाल्यावर बंद होतात, त्यामुळे एका तपासणीत काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नये.

पाइप का फुटला हे कळल्याशिवाय तो बदलण्यात अर्थ नाही. कूलंटचे होज बहुधा ईपीडीएम रबराचे असतात. हे रबर गरम पाणी आणि ग्लायकॉल वर्षानुवर्षं सोसतं, पण खनिज तेलापुढे हार मानतं. टर्बोच्या तेलाच्या नळीतून पाझर होत असेल तर खालचा होज फुगून मऊ पडतो. तेल न थांबवता नवा होज घातला तर त्याचीही तीच गत. धातूच्या पाइपला आधार देणारी पट्टी पूर्वीच्या कुठल्याशा कामात बसवायची राहून गेली असेल, तर कंपनांनी वळणाशी तडा जातो. कूलंट जुनं होऊन त्यातली गंजरोधक रसायनं संपली की ॲल्युमिनियमला आतून खड्डे पडतात. नायलॉनचे पाइप उष्णतेनं आणि गरम कूलंटनं ठिसूळ होत जातात, शेवटी हात लावताच त्यांचे तुकडे पडतात.

टर्बोजवळच्या पाइपला ठिगळ लावण्यावर माझा विश्वास नाही. इपॉक्सी उष्णतेनं मऊ पडतं आणि धातूच्या बरोबरीनं प्रसरण पावत नाही. गळती बुजवणारी द्रवरूप औषधं छिद्र आणि टर्बोतली अरुंद वाट यांत फरक करत नाहीत. स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन पट्टी सावकाश गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरती ठीक. एक्झॉस्टपासून दूर असलेला रबरी होज बाकी धडधाकट असेल, तर फाटका भाग कापून मध्ये जोडणी घालता येते. स्टीलच्या पाइपचा तडा कुशल कारागीर चांदीमिश्रित ब्रेझिंगनं, म्हणजे सोल्डरपेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला वितळणारा मिश्रधातू ओतून, पक्का भरू शकतो, मात्र आधी पाइप बाहेर काढून, आतून धुऊन, दोन्ही तोंडं उघडी ठेवून. कथिलाच्या सोल्डरवर तिथे भरवसा ठेवता येत नाही, कारण तो दोनशे अंशांच्या आसपासच वितळतो. शक्य असेल तर नवा पाइपच घालावा.

तो बसवताना खरी परीक्षा छोट्या वस्तूंची असते. पाइपचं टोक टर्बोला जोडणाऱ्या बँजो बोल्टवरचे, जोडणीच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर दाबले जाऊन पृष्ठभागावरचे ओरखडे भरून काढतात. एकदा दाबलेला वॉशर कडक होतो, म्हणून तो नवा घ्यायचा. हा बोल्ट आतून पोकळ असतो, जोर जास्त लावला तर तुटतो. कंपनीनं दिलेल्या मापानं टॉर्क पान्यानंच आवळावा. ईपीडीएमच्या ओ-रिंगला साधं ग्रीस लावू नये, कूलंटचा हात किंवा सिलिकॉन ग्रीस पुरेसं आहे. होजची क्लिप पाइपच्या टोकाशी असलेल्या उंचवट्याच्या मागे बसायला हवी, त्याच्या वर नव्हे. स्प्रिंगची क्लिप होजच्या प्रसरण-आकुंचनाबरोबर स्वतःला जुळवून घेते, म्हणून मूळची तीच असेल तर बदलू नये. आधारपट्टी आणि उष्णतेची ढाल आठवणीनं परत लावावी.

मग हवा काढायची. टर्बो बऱ्याचदा उंच जागी असतो, त्यामुळे हवा तिथेच गोळा होते. हवा काढण्याचा स्क्रू असेल तर कूलंटची अखंड धार येईपर्यंत तो उघडा ठेवतात. त्याहून चांगली पद्धत म्हणजे आधी सगळ्या व्यवस्थेतली हवा शोषून घ्यायची आणि त्या निर्वातानंच कूलंट आत ओढू द्यायचं. निर्वात टिकला नाही तर सांधा कुठेतरी सुटा आहे हे भरण्याआधीच कळतं. कूलंट कंपनीनं सांगितलेल्या प्रकाराचंच घ्यावं आणि ते पातळ करायला शुद्ध केलेलं पाणी वापरावं. काढलेलं जुनं कूलंट उघड्यावर राहू देऊ नये; इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, मुलं आणि जनावरं त्याला फसतात. इंजिन पूर्ण तापवून, पूर्ण थंड होऊ देऊन पातळी पुन्हा पाहावी, आणि पुढचे काही दिवस रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी.