होल्स्टर : उघडे आणि पट्टीचे

होल्स्टर : पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगावर बाळगण्यासाठी कंबरपट्ट्याला, खांद्याला किंवा मांडीला अडकवायचे कवच. तलवारीला जसे म्यान तसे हातशस्त्राला होल्स्टर, असे ढोबळमानाने म्हणता येते. पण साम्य फार पुढे नेता येत नाही. म्यानाने पाते झाकले की काम संपते. होल्स्टरला चाप झाकायचा असतो आणि मूठ मोकळी ठेवायची असते, आणि या दोहोंत जेमतेम दोन बोटांचे अंतर असते. शिवाय हत्यार बाळगणाऱ्याच्या हाताला ते लगेच यावे, दुसऱ्याच्या हाताला येऊ नये आणि आपोआप तर मुळीच पडू नये, अशा एकमेकींना छेद देणाऱ्या तीन मागण्या त्याच्याकडून असतात. या मागण्यांतली कोणती वरचढ मानायची यावरून होल्स्टरचे दोन मुख्य वर्ग पडतात : वर कोणतेही बंधन नसलेले उघडे होल्स्टर आणि घोड्यावरून (म्हणजे हत्याराच्या मागील, आपटून बार उडवणाऱ्या भागावरून) किंवा मागील बाजूवरून टिचबटणाची पट्टी घेतलेले पट्टीचे होल्स्टर. संपूर्ण मूठ झाकणारे जुन्या लष्करी पद्धतीचे झाकणाचे होल्स्टर काही लेखक तिसरा वर्ग मानतात; प्रस्तुत नोंदीत ते पट्टीच्याच वर्गात धरले आहे, कारण दोन्हींत हत्यार काढण्यापूर्वी एक वेगळी कृती करावी लागते.

व्युत्पत्ती : मराठीतील हत्यारांच्या शब्दांचा उगम पाहिला तर होल्स्टर हा शब्द एकटा पडतो. पिस्तूल आणि काडतूस हे पोर्तुगीजांकडून आले. तमंचा हा मूळ तुर्की शब्द फारसीच्या वाटेने आला. होल्स्टर मात्र सरळ इंग्रजीतून, आणि तुलनेने उशिरा. इंग्रजीतही तो सतराव्या शतकापूर्वी या अर्थाने सापडत नाही. तो डचमधून घेतला असावा, हे मत सामान्यतः स्वीकारले जाते. वाद आहे तो त्यामागच्या टप्प्याचा. एक पक्ष त्याचा संबंध जुन्या इंग्रजीतील ‘हेओल्स्टर’ (लपण्याची जागा, अंधार) या शब्दाशी लावतो आणि जुन्या नॉर्समधील ‘हुल्स्त्र’ (कोश, म्यान) व गॉथिकमधील ‘हुलिस्त्र’ (आच्छादन) यांचा आधार घेतो. या सर्वांच्या मुळाशी ‘झाकणे’ हा अर्थ आहे. दुसरा पक्ष मध्ययुगीन जर्मनमधील ‘हुल्फ्टर’ या शब्दाकडे बोट दाखवतो. त्याचा अर्थ बाणांचा भाता. पहिला पक्ष अर्थाने सोयीचा असला तरी जुना इंग्रजी शब्द आणि सतराव्या शतकातील शब्द यांच्यामध्ये काही शतकांची पोकळी राहते, हे त्याचे दुबळेपण. भात्याची उपपत्ती अधिक संभाव्य वाटते, कारण तुर्कीतही हेच घडले आहे : तेथील ‘कुबुर’ हा शब्द बाणांच्या भात्यालाही लागतो आणि घोडेस्वाराच्या पिस्तुलाच्या कवचालाही. धनुष्य जाऊन पिस्तूल आले, तरी ते ठेवायची जागा खोगिराशीच राहिली आणि नावही तेच चालू राहिले.

मराठीत मात्र हा शब्द खोगिरावरून नव्हे, गणवेशाच्या पट्ट्यावरून आला. खानदेशात बोलताना होल्स्टरपेक्षा ‘कव्हर’ म्हणण्याकडेच कल असतो, आणि क्रियापदांतला भेद त्याहून बोलका आहे. कव्हरमध्ये असेल तर पिस्तूल ‘लावलेले’ असते. नुसते कंबरेत असेल तर ‘खोचलेले’. वर्तमानपत्रातील गुन्ह्यांच्या बातम्यांत गावठी कट्टा नेहमी खोचलेलाच आढळतो.

इतिहास : सतराव्या-अठराव्या शतकांतील होल्स्टर माणसाच्या नव्हे तर घोड्याच्या अंगावर असे; खोगिराच्या पुढील भागी दोन्ही बाजूंस एकेक. एकबारी, लांब नळीचे पिस्तूल कंबरेला वागवणे गैरसोयीचे होते. सॅम्युएल कोल्टच्या १८३६ च्या पेटंटनंतर फिरत्या चक्रीचे रिव्हॉल्व्हर पसरू लागले, पाच-सहा बार एकाच हत्यारात आले आणि होल्स्टर खोगिरावरून कंबरेवर उतरले. त्यानंतर अमेरिकेच्या पश्चिम भागात उघडे होल्स्टर रुळले, तर युरोपीय आणि ब्रिटिश सैन्यांनी झाकणाचे होल्स्टर पसंत केले. पाऊस, चिखल आणि घोड्याची दौड यांपासून हत्यार वाचवणे हा त्यामागचा हेतू होता. अधिकाऱ्याचे रिव्हॉल्व्हर हे दुय्यम हत्यार असल्याने ते काढायला लागणारा वेळ कोणी फारसा मनावर घेतला नाही.

झाकणाचे होल्स्टर भारतात ज्या पट्ट्याबरोबर रूढ झाले, त्या ‘सॅम ब्राउन’ पट्ट्याच्या उगमाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. सर सॅम्युएल ब्राउन (१८२४–१९०१) हे पंजाबातील घोडदळाचे अधिकारी. ३१ ऑगस्ट १८५८ रोजी उत्तर भारतात सिरपुरा येथील चकमकीत त्यांचा डावा हात खांद्यापासून तुटला. तलवार उपसताना म्यान डाव्या हाताने धरावे लागते. तो हातच नसल्याने उजव्या खांद्यावरून तिरपा आधारपट्टा घेऊन त्यांनी म्यान स्थिर केले आणि उजव्या बाजूला रिव्हॉल्व्हरचे झाकणाचे होल्स्टर घेतले, अशी प्रचलित हकीकत आहे. तिला आक्षेप असा की खांद्यावरून तिरपा पट्टा घेऊन हत्यार लटकवण्याची रीत ब्राउन यांच्याआधी कित्येक शतके जगभर होती. दोन्ही बाजू विचारात घेता, कल्पना जुनी पण तिची गणवेशातील बांधणी ब्राउन यांची, असे मानणे सयुक्तिक ठरते. ब्रिटिश सैन्यात हा पट्टा सर्वत्र रूढ व्हायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडली. त्यावरील होल्स्टरचे झाकण टिचबटणाने नव्हे तर पितळी घुंडीने बंद होई. चामड्याला भोक आणि भोकाला लहानशी चीर. घुंडी त्या चिरेतून दाबून बसवायची. नव्या चामड्यात ती इतकी घट्ट बसते की अंगठ्याचे नख दुखावे, आणि जुन्यात इतकी सैल की झाकण चालताना फडफडते.

खानदेशात ‘खानदेश भिल्ल पलटण’ जेम्स औट्रम याने १८२५ मध्ये उभारली. तिचे ठाणे धरणगाव येथे होते. कंबरेच्या होल्स्टरचा इतिहास या पलटणीच्या आरंभाशी जोडणे बरोबर नाही : त्या वेळी हत्यारे चकमकीच्या दगडाची, म्हणजे गारेच्या ठिणगीने बार उडवणारी, होती आणि पिस्तूल खोगिराशीच असे. १८८७ पासून ब्रिटिश सैन्यात घेतलेले वेब्ली रिव्हॉल्व्हर आणि त्याचे तपकिरी चामड्याचे झाकणाचे होल्स्टर यांच्या काळापासूनच याविषयी काही निश्चित बोलता येते. या रिव्हॉल्व्हरच्या मुठीच्या तळाशी एक कडी असे व तिच्यातून घेतलेली दोरी खांद्याला किंवा गळ्याला बांधलेली असे. हत्यार निसटले तरी जमिनीवर पडत नसे. पट्टीचा हेतू साधणारी ही पट्टीपूर्वीची युक्ती होय.

बंधनांची यंत्रणा : उघड्या होल्स्टरमध्ये हत्यार केवळ घर्षणाने टिकते. चामडे ओले करून हत्याराच्या (किंवा तशाच साच्याच्या) भोवती दाबून घडवतात. वाळले की चापाच्या कमानीशी आणि नळीच्या कडेशी त्याला खोबण पडते. थर्मोप्लॅस्टिकच्या होल्स्टरमध्ये हीच खोबण तापवून घडवतात व घट्टपणा स्क्रूने कमीजास्त करता येतो. यासाठी वापरले जाणारे कायडेक्स हे द्रव्य १९६० च्या दशकात विमानांच्या आतील भागांसाठी तयार झाले होते. घट्टपणाची सर्वांत साधी परीक्षा अशी : हत्यार पूर्ण रिकामे असल्याची दोनदा खात्री करून ते होल्स्टरमध्ये घालावे, गादीवर उलटे धरावे आणि झटकावे. जे उघडे होल्स्टर या झटक्याला हत्यार सोडते, ते दुचाकीवर वापरण्याच्या लायकीचे नाही.

पट्टीच्या होल्स्टरमध्ये पट्टीच्या एका टोकाला कडक जीभ असते. मूठ पकडतानाच अंगठा तिला आतल्या बाजूस ढकलतो आणि बटण ‘टिच्’ करून सुटते. सरावलेल्या हाताला ही वेगळी कृती राहतच नाही. मात्र पट्टीने एक नवा धोका आणला. हत्यार परत घालताना सुटलेली पट्टी आत दुमडली आणि चापाच्या कमानीत शिरली, तर दाबणाऱ्या हाताच्या जोरानेच चाप ओढला जातो. झिजून मऊ पडलेल्या चामड्याच्या उघड्या होल्स्टरमध्येही तोंडाची कड आत मुडपून नेमके हेच होते, हे पट्टीचे विरोधक बहुधा सांगत नाहीत. बाहेर घोडा नसलेल्या, हलक्या चापाच्या पिस्तुलांत हा धोका अधिक. जड चापाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये कमी. तर्जनीने कळ दाबून सुटणाऱ्या कुलपांबद्दलही अशीच तक्रार आहे. दाबाच्या भरात बोट कळीवरून थेट चापावर सरकते, म्हणून काही प्रशिक्षण संस्थांनी ती वर्ज्य केली.

हिसकावण्याला होणाऱ्या विरोधाच्या पायऱ्या अमेरिकेत बिल रॉजर्स या माजी एफबीआय अधिकाऱ्याने १९७० च्या दशकात आखल्या. पहिल्या पायरीच्या होल्स्टरने हल्लेखोराची सर्व दिशांनी पूर्ण ताकदीची ओढ ५ सेकंद सोसली पाहिजे. दुसऱ्या पायरीच्या होल्स्टरने एक बंधन सुटल्यावरही तेवढेच सोसले पाहिजे. आणि पुढे याच क्रमाने. आता अनेक उत्पादक नुसती बंधने मोजून पायरीचा आकडा छापतात. हा मूळ कसोटीचा विपर्यास आहे आणि खरेदीच्या वेळी त्या आकड्यावर विसंबू नये.

निवड आणि खानदेशी परिस्थिती : जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत निवडीचा प्रश्न वेगापेक्षा प्रवास, धूळ आणि घाम यांनी ठरतो. गणवेशातील पोलिसाचे हत्यार सर्वांना दिसते, आणि बाजारात, यात्रेत किंवा सभेच्या बंदोबस्तात त्याला गर्दीत खेटून उभे राहावे लागते. तेथे उघडे होल्स्टर असमर्थनीय आहे. खासगी परवानाधारकाबाबत मतभेदाला जागा आहे. कपड्याखाली झाकलेले, चाप पुरता झाकणारे, घट्ट उघडे होल्स्टर पेढीवर बसणाऱ्या सराफाला पुरते. पण रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत ठिबकची नळी पाहायला वाकलेल्या माणसाचे होल्स्टर जवळजवळ आडवे होते, आणि आडव्या होल्स्टरमध्ये भरवसा उरतो तो पट्टीचाच. त्याहून साधी बाब म्हणजे पट्ट्याची रुंदी. होल्स्टरचे पट्टा ओवायचे घर रुंद आणि पट्टा अरुंद असेल तर हत्यार ओढताना होल्स्टरही त्याच्याबरोबर वर येते, मग ते उघडे असो की पट्टीचे.

कानपूरला बनणारे .३२ चे रिव्हॉल्व्हर आणि २०१४ मध्ये आलेले सुमारे ५०० ग्रॅमचे ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर ही परवान्यावर मिळणारी हत्यारे. घोडा बाहेर असलेल्या रिव्हॉल्व्हरवर घोड्याच्या मागून जाणारी पट्टी घेतली तर ती घोड्यालाही जागीच धरते, हा तिचा दुहेरी फायदा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक जागी हातशस्त्र अंगाशी जोडलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तत्सम आवरणात, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या प्रभावी ताब्यात असावे लागते. ते मिरवण्यास मनाई आहे. ही अट उघडे किंवा पट्टीचे असा भेद करीत नाही. सदऱ्यावरून दिसेल असे लावलेले होल्स्टर, वर कितीही पट्ट्या असल्या तरी, तिच्यात बसत नाही. लग्नाच्या वरातीत ते दाखवण्याची हौस असणाऱ्यांनी हे वाचलेले नसते.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या घामाने चामडे भिजते, रात्री वाळते, पुन्हा भिजते. महिनाभरात पाठीकडील बाजूस मिठाची पांढरी रेघ उमटते, खोबण सैल होते आणि टिचबटणाचा खालचा भाग गंजून अडकू लागतो. उन्हात बंद मोटारीच्या काचेखाली ठेवलेले थर्मोप्लॅस्टिकचे होल्स्टर आकार सोडते, तेव्हा त्याचा घट्टपणाही जातो. काळ्या मातीचा बारीक फुफाटा उघड्या होल्स्टरच्या तोंडातून आत बसतो व हत्याराचा मुलामा सहाणेसारखा घासतो. येथे झाकणाचे जुने होल्स्टर अजूनही सरस ठरते. तळाला भोक असलेले होल्स्टर घ्यावे, म्हणजे धूळ खाली गळते.

चामडे बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीने कमावलेले असावे. क्रोमने कमावलेल्या चामड्यातील क्षार पोलादाला गंज आणतात. तरीही कोणत्याच चामड्याच्या होल्स्टरमध्ये हत्यार दीर्घकाळ ठेवू नये. निघालेले हत्यार पुसून वेगळे आणि कुलपात, होल्स्टर सावलीत टांगलेले, अशी रीत आहे. पट्ट्यावरच्या चामडी घरांत पावसाळाभर राहिलेल्या पितळी काडतुसांवर हिरवट, मेणासारखे कीट चढते आणि ती चक्रीत पुरती बसत नाहीत.