चाकाची घरघर मोजून पाहू

गाडीनं साठचा वेग गाठला की खालून कुठून तरी घूंऽऽ असा आवाज येऊ लागतो. वेग वाढला की तो चढतो, कमी झाला की उतरतो. गाणी मोठ्यानं लावली की ऐकूच येत नाही, आणि बरेच जण सुरुवातीला हाच इलाज करतात.

इंजिनवरचा संशय चटकन दूर करता येतो. मोकळ्या, सरळ रस्त्यावर क्षणभर क्लच दाबून धरा. इंजिनचे फेरे खाली आले आणि घरघर जिथल्या तिथे राहिली, तर आवाज चाकांकडचा. मग संशयित उरतात दोन, बेअरिंग (चाक सहज फिरावं म्हणून मधोमध बसवलेला, कड्या आणि गोळ्यांचा भाग) आणि टायर. या दोघांचा आवाज इतका जवळचा की मुरलेले मेकॅनिकही चकतात. मी एकदा धडधाकट बेअरिंग बदलून घेतलं आणि तीच घरघर घेऊन घरी आलो. दोष टायरचा होता.

खरं तर प्रत्येक भाग चाकाच्या एका फेऱ्यात ठरावीक वेळाच ठोके देतो. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. चाकाचा परीघ साधारण २ मीटर धरला, तर चाक सेकंदाला १० फेरे घेतं. बॅलन्सिंग बिघडलेलं, म्हणजे एका बाजूला जड झालेलं चाक फेऱ्याला एक, म्हणजे सेकंदाला १० हिसके देतं. आपला कान साधारण २० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २० कंपनांच्या वरचंच ऐकतो, म्हणून हा दोष ऐकू येत नाही, स्टिअरिंगच्या थरथरीतून हाताला कळतो.

बेअरिंगचा हिशोब जरा गमतीचा आहे. बहुतेक गाड्यांत बाहेरची कडी स्थिर असते, आतली चाकाबरोबर फिरते आणि गोळ्या दोन्हींच्या मधून गडगडत जातात. त्यामुळे गोळ्यांचा घोळका चाकाच्या निम्म्याहून थोड्या कमी वेगानं फिरतो. चाकाचे १० फेरे, तर त्याचे सुमारे ४. गोळ्या १२ धरल्या, तर बाहेरच्या कडीवरच्या एका खळग्यावरून सेकंदाला ४८ गोळ्या जातात. खळगा आतल्या कडीवर असेल तर ७२. हीच ती खर्जातली घरघर. टायरवर जागोजागी खोलगट चट्टे पडले असतील आणि ते १२ असतील, तर ठोके होतात १२०. आकडे वेगळे असले तरी तिन्ही खालच्याच पट्टीतले, म्हणून कान फसतो. (चांगल्या टायरच्या नक्षीचे ठोकळे मुद्दाम लहानमोठे केलेले असतात. सगळे एकाच मापाचे असते, तर गाडी भोंग्यासारखी एकाच सुरात गायली असती.)

खळगा मुळात पडतो कसा? गोळी आणि कडी जिथे टेकतात ती जागा अगदी चिमुकली. अशा स्पर्शाचं गणित जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झनं १८८२ च्या सुमारास मांडलं. त्यातून निघतं ते असं की पोलादाला कातरणारा ताण पृष्ठभागावर नव्हे, तर किंचित खाली सर्वांत जास्त असतो. म्हणजे तडा आत जन्मतो, आणि वर येतो तेव्हा पोलादाचा पापुद्राच सुटतो. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट केला तर आयुष्य सुमारे आठवा हिस्सा उरतं. खड्ड्यातला एकच जबर दणका कडीवर गोळीचा ठसा उमटवू शकतो. आणि तापलेलं हब (बेअरिंग बसतं तो चाकाचा मधला भाग) अचानक पाण्यात बुडालं, की आतली हवा आकसून सीलमधून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या कडीतून, पाणी ओढते. ग्रीस बिघडायला तेवढं पुरतं.

आता परीक्षा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग संशयित, पण गोळ्यांच्या दोन रांगा असल्यानं कधी उलटंही होतं, म्हणून हा पुरावा कच्चाच. डांबरीवरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाजाचा पोत बदलला, तर टायरकडे बोट. पुढचे टायर मागे टाकल्यावर आवाजही मागे गेला, तर शंकाच नको.

गाडी जॅकवर उचलून खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर भरवसा नको. चाक वर आणि खाली धरून हलवा. डुगडुगत असेल तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. डुगडुग थांबली तर बेअरिंग, न थांबल्यास बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा) किंवा सस्पेन्शन. मग सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर हात ठेवून चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांपर्यंत येते. मला ही परीक्षा सगळ्यांत आवडते.

टायरवरून तळहात फिरवायचा. मधोमध झीज म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडांना म्हणजे कमी. फक्त एकच कड गेली असेल तर बहुधा कॅम्बर, म्हणजे समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेर झुकाव. आडवा हात एकीकडून गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखा लागला, तर टो, म्हणजे वरून पाहताना चाकाची दिशा, बिघडलाय. चाक सरळ रेषेपेक्षा फक्त एक अंश तिरकं असलं, तरी प्रत्येक किलोमीटरला ते जवळपास १७ मीटर आडवं घासत जातं! चट्टे पडलेला टायर बहुधा शॉक ॲब्सॉर्बर दमल्याची खूण. चाक रस्त्यावर उड्या मारतं आणि जिथे आपटतं तिथलं रबर खातं.

दोन्ही दुखणी एकमेकांत गुंततात. सैल बेअरिंगमुळे चाकाचा कोन चालत्या गाडीत बदलत राहतो आणि टायर वेडावाकडा झिजतो. म्हणून आधी चाकातली डुगडुग घालवायची, मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. डुलणाऱ्या चाकाचा कोन मोजणं म्हणजे वाऱ्यावर हलणाऱ्या दोरीची लांबी मोजण्यासारखं आहे. आणि सगळं नीट केल्यावरही घरघर उरली तर गॅरेजवाल्यावर लगेच चिडू नका. रबरात पडलेले चट्टे नवे शॉक ॲब्सॉर्बर लावून भरून येत नाहीत. तो टायर निघेपर्यंत वाजत राहतो.