विषाणुभार गतिकी

विषाणुभार गतिकी : बाधित व्यक्तीच्या रक्तातील विषाणूंची संख्या काळानुसार कशी बदलते, हे अवकल समीकरणांनी (राशींच्या बदलाचा वेग सांगणाऱ्या समीकरणांनी) मांडणारी गणितीय जीवविज्ञानाची शाखा. मूळ प्रतिमानात तीन राशी असतात : बाधा होऊ शकणाऱ्या पेशी, बाधित पेशी आणि मुक्त विषाणू. नव्या बाधेचा वेग पहिल्या व तिसऱ्या राशीच्या गुणाकाराच्या प्रमाणात धरतात. या मांडणीचे मूळ भक्ष्य-भक्षक (शिकार व शिकारी प्राण्यांच्या संख्यांतील बदलाच्या) समीकरणांत शोधता येते. तथापि केरमॅक व मॅकेंड्रिक यांच्या १९२७ मधील साथरोग प्रतिमानाशी तिचे नाते अधिक जवळचे दिसते. एचआयव्हीसाठी तिचा वापर साधारणतः १९९० च्या सुमारास वाढू लागला.

एचआयव्ही बाधेच्या लक्षणविरहित काळात विषाणुभार वर्षानुवर्षे जवळपास स्थिर असतो. ही स्थिरता म्हणजे विषाणूची निष्क्रियता नव्हे, तर वेगवान निर्मिती आणि तितक्याच वेगवान निचऱ्याचा समतोल होय, हे १९९५ मध्ये डेव्हिड हो व जॉर्ज शॉ यांच्या गटांनी ‘नेचर’च्या एकाच अंकात दाखवले. औषधाने नवी बाधा रोखताच विषाणुभार सुमारे दोन दिवसांच्या अर्धायुकालाने (संख्या निम्मी होण्यास लागणाऱ्या काळाने) घसरला. मात्र या घसरणीत मुक्त विषाणूंचा निचरा किती आणि बाधित पेशींचा मृत्यू किती, हे वेगळे करता येत नव्हते. त्यासाठी ॲलन पेरेल्सन व सहकाऱ्यांनी (१९९६) पाच रुग्णांना रिटोनाव्हिर देऊन पहिले सहा तास दर दोन तासांनी, दुसऱ्या दिवसापर्यंत दर सहा तासांनी व पुढे सातव्या दिवसापर्यंत रोज रक्त तपासले. या औषधामुळे नवे विषाणू संसर्गक्षम राहत नाहीत, पण आधीच बाधित झालेल्या पेशी विषाणू सोडतच राहतात. म्हणून विषाणुभार आधी काही काळ रेंगाळतो, मग उतरतो. आलेखाच्या या आकारावरून मुक्त विषाणूचा अर्धायुकाल सुमारे ६ तास, बाधित पेशीचा १.६ दिवस व दैनिक निर्मिती किमान १,००० कोटी विषाणू अशी अनुमाने निघाली. औषध पूर्ण परिणामकारक असल्याचे त्यांत गृहीत होते. त्यामुळे ती वेगांची किमान मूल्ये मानणे योग्य. रक्तद्रव विलगीकरणाच्या (रक्तातील द्रव भाग वेगळा काढण्याच्या) प्रयोगात (१९९९) मुक्त विषाणूचा अर्धायुकाल दोन तासांहून कमी, तर प्रभावी औषधसंयोगाखाली (२००३) बाधित पेशीचा सुमारे ०.७ दिवस आढळला. ही मूल्ये अधिक ग्राह्य वाटतात.

दोन-तीन वर्षांच्या उपचाराने एचआयव्हीचे उच्चाटन होऊ शकेल, असा १९९७ मधील अंदाज टिकला नाही : सुप्तबाधित (विषाणू बाळगून निष्क्रिय राहिलेल्या) पेशींच्या साठ्याचा अर्धायुकाल सुमारे ४४ महिने निघाला.

हिपॅटायटिस सी विषाणूबाबत न्यूमन व सहकाऱ्यांनी (१९९८) इंटरफेरॉन उपचाराखाली दोन टप्प्यांची घसरण दाखवली. पहिल्या टप्प्यावरून मुक्त विषाणूचा अर्धायुकाल सुमारे ३ तास ठरला. याच आजारावरील रायबाव्हिरिन या औषधाचा परिणाम स्पष्ट करणाऱ्या प्रतिमानाचे (२००४) प्रमुख लेखक नरेंद्र दीक्षित हे पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत या विषयावर संशोधन करू लागले.