समाधी: स्फटिक की मीठ?

समाधीबद्दल काही वाचायला घेतलं की एक वाक्य हमखास सापडतं, आत्मा परमात्म्यात विलीन होतो म्हणे, आणि शेजारी पतंजलींचं नाव. पण पतंजलींची योगसूत्रं उघडून बघा, परमात्म्यात विलीन वगैरे होण्याची भाषा तिथे नाहीच. ही सरमिसळ नंतरची आहे आणि ती कशी झाली ते बघण्यासारखं आहे.

शब्दाचा अर्थ तसा साधा, सम् + आ + धा, म्हणजे नीट एकत्र ठेवणं, इथे मन. योगसूत्रांच्या बऱ्याच आधी बौद्धांच्या अष्टांगिक मार्गात आठवं अंग सम्यक समाधीच आहे आणि त्यांच्या ध्यानाच्या पहिल्या पायरीत वितर्क, विचार हे शब्द आहेत, ते पुढे पतंजलींच्या संप्रज्ञात समाधीतही (म्हणजे मनाला अजून काही विषय असतो ती, १.१७) दिसतात. कुणी कुणाकडून घेतलं यावर वाद घालण्यात मला रस नाही, दोघांचं अंगण एकच होतं एवढं नक्की.

योगसूत्रं बरेच अभ्यासक इ.स. ४०० च्या आसपासची धरतात. त्यात १.४१ ला स्वच्छ मण्याची उपमा आहे, टीकाकार ती स्फटिकाने समजावतात. स्वच्छ स्फटिकाशेजारी जास्वंद ठेवली की तो लाल दिसतो, फूल उचललं की पुन्हा जसाच्या तसा, लाल तो कधी झालेलाच नसतो. वृत्ती, म्हणजे मनातल्या हालचाली, क्षीण झालेलं चित्त असं असतं, ज्यावर टेकेल त्याच्या रंगाचं. आणि शेवटी चित्तही बाजूला पडून द्रष्टा आपल्या स्वरूपात राहतो, त्याला म्हणायचं कैवल्य, म्हणजे केवळ असणं, एकटं असणं. इथे सगळा खटाटोप पुरुषाला (म्हणजे त्या द्रष्ट्याला) प्रकृतीपासून (मन धरून सगळ्या जड सृष्टीपासून) वेगळं ओळखण्याचा आहे, कशात मिसळून जाण्याचा नाही!

मिसळण्याची उपमा उपनिषदांतली, बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला पाण्यात विरघळलेल्या मिठाच्या खड्याचं उदाहरण देतो. उपनिषदांना प्रमाण मानणाऱ्या वेदान्ती लोकांना पतंजलींचं हे पुरुष-प्रकृतीचं द्वैत खटकायचंच, त्यांच्या ब्रह्मसूत्रात चक्क एक सूत्र आहे, 'एतेन योगः प्रत्युक्तः' (२.१.३), म्हणजे सांख्यांना (हेच पुरुष-प्रकृतीचं द्वैत मांडणाऱ्यांना) खोडलं त्यातच योगही खोडला गेला, आणि त्यावर शंकराचार्य स्पष्ट लिहितात की हे सांख्य आणि योगवाले द्वैती, त्यांना आत्म्याचं एकत्व दिसत नाही.

मग पंधराव्या शतकापर्यंत चित्र पार पालटलं. हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथात (४.५) स्वात्माराम समाधीची व्याख्याच मिठावर करतो, पाण्यात सैंधव तसं आत्मा आणि मन, आणि दोनच श्लोक पुढे जीवात्मा-परमात्म्याचं ऐक्य. त्याच शतकातला सदानंदांचा वेदान्तसार बघा, निर्विकल्प समाधी (जाणणारा आणि जाणलं जाणारं हा भेदही उरत नाही ती) समजावताना तिथेही पाणी आणि मीठ. सविकल्प-निर्विकल्प ही आज सर्रास वापरली जाणारी जोडी वेदान्तातली, पतंजलींचे शब्द संप्रज्ञात, सबीज, निर्बीज (संस्कारांचं बीज उरलेली आणि न उरलेली समाधी) वगैरे. (निर्बीज आणि निर्विकल्प एकच समजून लिहिलेलं इतकं वाचलंय की आता चिडायचंही सोडून दिलंय.)

पुढे १८९६ साली विवेकानंदांचं राजयोग आलं, त्यात योगसूत्रांचा अनुवाद आणि त्यावरची टीका, तीही वेदान्ताच्या चष्म्यातून. जगातल्या पुष्कळ लोकांना पतंजली पहिल्यांदा भेटले ते याच पुस्तकातून, म्हणजे स्फटिक हातात पडला तोच मिठाच्या पाण्यातून काढलेला.