कानांनी पाठ केलेले बायबल

मध्ययुगीन युरोपातील मठांत साधू बायबलमधील स्तोत्रसंहितेतली 150 स्तोत्रे लॅटिनमध्ये म्हणत. ज्यांना वाचता येत नसे ते त्यांऐवजी प्रभूची प्रार्थनाच तितक्या वेळा म्हणत आणि मोजणी चुकू नये म्हणून मणी ओढत. येशूच्या आईला उद्देशून म्हटल्या जाणाऱ्या 'नमो मरिया' या प्रार्थनेच्या जपमाळेची पाळेमुळे याच प्रथेत आहेत. पुढे दहा-दहा मण्यांच्या गटाला ख्रिस्तचरित्रातला एकेक प्रसंग जोडला गेला, तेव्हा अक्षरओळख नसलेला शेतकरीही बोटांच्या आधाराने ती कथा क्रमाने आठवू लागला.

गोव्यात 1542 मध्ये उतरलेला ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरे, मुलांना गोळा करी आणि त्यांच्याकडून धर्मतत्त्वे घोकून घेई. मुलांनी ती घरी जाऊन थोरांनाही शिकवावीत, असा त्याचा आग्रह असे. पण घोकंपट्टीने प्रार्थना पाठ होतात, कथा मनात रुजत नाही.

ती उणीव थॉमस स्टीफन्स या जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघातल्या, इंग्रज पाद्र्याने भरून काढली. जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण द्या, अशी मागणी स्थानिकांकडूनच आल्याचे त्याने ओव्यांत रचलेल्या 'क्रिस्तपुराणा'च्या आरंभी सांगितले आहे. 1616 मध्ये गोव्यातील राचोल येथे छापलेल्या या ग्रंथात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा, आखूड चरण मोकळा सुटतो. मराठीची थोरवी गाताना स्टीफन्सने 'रत्नकिळा', 'निळा', 'चोखळा' अशी यमके योजून 'भासा मराठी' या चरणावर ओवी सोडली आहे. पहिले यमक कानावर पडले की पुढच्या जागी बसू शकतील असे शब्द मोजकेच उरतात, लय त्यांतलेही काही गाळते, आणि स्मृतीला फार शोधाशोध करावी लागत नाही. शिवाय जात्यावर आणि पुराणश्रवणात हा साचा लोकांच्या कानांत आधीच मुरलेला होता. नवी होती ती फक्त कथा.

गंमत म्हणजे हे मराठी पुराण छापले गेले रोमन लिपीत. बहुतेक श्रोत्यांना ती वाचता येत नव्हती, पण त्याने काही बिघडले नाही, कारण वाचणारा एक असे आणि ऐकणारे सारे गाव. 1616, 1649 आणि 1654 या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. 1907 मध्ये मंगळूरला निघालेली आवृत्ती त्या किनाऱ्यावर टिकून राहिलेल्या हस्तलिखितांवरून सिद्ध करावी लागली.